‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर झालं, कारण कुठे आहे?

पनवेल : जमिनीचं काम काढलेल्या माणसाला या तालुक्यात दोन शब्द तोंडपाठ झालेत. नेरे, वावंजे, केळवणे, आपटा, कुठूनही निघा. सकाळची एसटी किंवा टमटम पकडून पनवेल गाठायचं, रांगेत नंबर लावायचा आणि काचेमागून ऐकायचं, ‘सर्व्हर डाऊन आहे, दुपारनंतर या.’ दुपारनंतर ‘उद्या या.’ अर्ध्या दिवसाची मजुरी जाते, भाडं जातं आणि काम तिथेच राहतं. ज्याचं अडलंय त्याला कारण कळत नाही आणि काचेमागे बसलेल्यालाही कळत नाही. त्याच्या स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत असतं.

पनवेलमध्ये ही गोष्ट किरकोळ म्हणून सोडता येत नाही. जानेवारी २०१३ मध्ये नैना क्षेत्रासाठी सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमलं, १ ऑक्टोबर २०१६ ला रायगड जिल्ह्यातली पहिली महापालिका इथं झाली, १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू खुला झाला आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. यातल्या प्रत्येक तारखेनंतर जमिनीचे व्यवहार वाढले, वारस नोंदींची घाई वाढली, भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी कागद गोळा करणारी घरं वाढली. एक फेरफार अडकला की त्यामागे बँकेचं कर्ज अडकतं, विसार दिलेला व्यवहार मोडायला येतो, मोबदल्याच्या यादीत नाव मागे पडतं. ‘सर्व्हर डाऊन’ची किंमत अशी घरागणिक वेगळी असते.

कागदाकडून संगणकाकडे जाण्याचा निर्णय चूक होता, असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. दस्त नोंदणीची आय-सरिता प्रणाली २०१२ पासून आली. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ ला सुरू झाला आणि १५ रुपयांत घरबसल्या उतारा मिळू लागला. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर गेली. सजा कार्यालयाला खेटे घालणं यामुळे कमी झालंच. पण खेटे कमी झाले तसं अवलंबून राहणं वाढलं. पूर्वी तलाठी रजेवर असला तर एका सजाचं काम थांबायचं. आता डेटाबेस थांबला की सगळ्या विभागाचं काम थांबतं.

असे प्रसंग राज्याने पाहिलेत. डिसेंबर २०२० च्या ग्रामपंचायत निवडणुकीत उमेदवारी अर्ज ऑनलाइन भरताना यंत्रणा इतकी मंदावली की राज्य निवडणूक आयोगाला शेवटच्या टप्प्यात पारंपरिक पद्धतीने, म्हणजे कागदावर अर्ज घ्यायला परवानगी द्यावी लागली आणि ३० डिसेंबरची वेळ संध्याकाळी साडेपाचपर्यंत वाढवावी लागली. २०२४ च्या पावसाळ्यात रेशनच्या ई-पॉस मशीनचं तसंच झालं, ऑफलाइन वाटपाची मुभा द्यावी लागली. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीला ओटीपी येईना म्हणून रात्री दोन वाजता मोबाइल घेऊन बसलेल्या बाया गावोगाव होत्या. तिथेही मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली.

तिन्ही वेळा लोकांना सांगितलं गेलं ते एकच : तांत्रिक अडचण. हे म्हणजे डॉक्टरने पेशंटला ‘तुम्ही आजारी आहात’ एवढंच सांगून घरी पाठवण्यासारखं आहे. ताप मलेरियाचा की टायफॉइडचा, हे कळल्याशिवाय औषध कसं देणार?

साखळी कुठे तुटते?

कुठलीही ऑनलाइन सेवा तीन घरांची असते. पहिलं घर म्हणजे आपला मोबाइल किंवा सेतू केंद्रातला संगणक. दुसरं घर म्हणजे अ‍ॅप्लिकेशन, जे अर्ज घेतं, तपासतं, उत्तर देतं. तिसरं घर डेटाबेस, जिथे खरी नोंद असते. मधलं घर अनेक बँकांत आणि मोठ्या यंत्रणांत जावा या भाषेत बांधलेलं असतं. ही भाषा १९९५ मध्ये आली आणि डेटाबेसशी बोलण्याची तिची ठरलेली पद्धत, जेडीबीसी, १९९७ मध्ये. कुठली सरकारी प्रणाली कुठल्या भाषेत लिहिली आहे, हा वेगळा विषय. भाषा बदलली तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या घरामधला हा रस्ता असतोच आणि बिघाडाचे प्रकारही साधारण तेच राहतात.

‘डाऊन’ म्हणून जे खपतं, त्यात सर्व्हर खरोखर बंद असण्याचे प्रसंग थोडे. तो बंद असला तर ओळखणंही सोपं. अ‍ॅप्लिकेशनने दार ठोठावलं आणि लगेच ‘कनेक्शन नाकारलं’ असं उत्तर आलं, तर समजावं की मशीनपर्यंत रस्ता आहे, पण आत डेटाबेसची सेवाच सुरू नाही किंवा चुकीचं दार ठोठावलंय. ठोठावून उत्तरच आलं नाही आणि ठरावीक वेळाने ‘टाइमआउट’ झालं, तर मशीन पडलेलं असेल, रस्ता तुटलेला असेल किंवा मध्ये सुरक्षेची भिंत, म्हणजे फायरवॉल, आडवी आली असेल. ‘प्रवेश नाकारला’ असं आलं तर रस्ताही ठीक, सेवाही ठीक, पासवर्ड चुकलाय किंवा त्याची मुदत संपली आहे. तीन वेगळे संदेश, तीन वेगळी माणसं बोलवायची. काचेपर्यंत येताना मात्र तिन्हींचं भाषांतर एकच होतं.

दहा रिक्षांचा स्टँड

सगळ्यात जास्त घोळ ज्या ठिकाणी होतो, तो समजून घ्यायला पनवेल स्टेशनबाहेरचा रिक्षा स्टँड डोळ्यांपुढे आणावा.

डेटाबेसशी प्रत्येक वेळी नवी जोडणी करणं खर्चिक असतं. ओळख पटवा, पासवर्ड तपासा, जागा राखा. म्हणून अ‍ॅप्लिकेशन काही जोडण्या आधीच तयार करून उभ्या ठेवतं. यालाच कनेक्शन पूल म्हणतात. अर्ज आला की त्यातली एक जोडणी घ्यायची, काम झालं की परत स्टँडवर लावायची. जावामध्ये सर्रास वापरला जाणारा हिकारी नावाचा पूल आहे. कुणी मुद्दाम बदललं नाही तर त्यात जास्तीत जास्त १० जोडण्या असतात आणि रिक्षा मिळाली नाही तर अर्ज ३० सेकंद थांबतो. तेवढ्यात मिळाली नाही तर ‘जोडणी उपलब्ध नाही’ म्हणून परत.

दहा म्हणजे फारच कमी, असं कुणालाही वाटेल. हिशेब करून बघू. एका प्रश्नाला डेटाबेस ५० मिलिसेकंदांत उत्तर देत असेल तर एक जोडणी सेकंदाला २० प्रश्न हाताळते आणि दहा मिळून २००. पुष्कळ झाले. पण तोच प्रश्न ५ सेकंद घेऊ लागला तर दहाच्या दहा जोडण्या मिळून सेकंदाला फक्त २ प्रश्न निघतात. काहीही बंद पडलेलं नाही, एकही दिवा लाल नाही, तरी काम शंभरपट मंदावलं. रांगेतल्या माणसासाठी हाच ‘सर्व्हर डाऊन’.

दुसरा रोग गळतीचा. प्रवाशाने रिक्षा घेतली, उतरून चहा प्यायला गेला आणि रिक्षा वेटिंगवर अडकून पडली. प्रोग्रॅममध्ये जोडणी घेतली, मध्येच एखादी चूक आली आणि परत करायची ओळ चाललीच नाही, तर ती जोडणी स्टँडवर येत नाही. अशा दहा गेल्या की स्टँड रिकामा. याची खूण अगदी ठळक आहे : रिस्टार्ट केलं की सगळं झकास चालतं आणि दोन-तीन तासांत पुन्हा रडगाणं. ज्या यंत्रणेला रोज रिस्टार्टचं टॉनिक लागतं, तिथे गळती शोधायलाच हवी. उपाय जुना आहे. जोडणी आपोआप परत करणारी वाक्यरचना जावामध्ये २०११ पासून आहे आणि हिकारीमध्ये गळती पकडणारी सोयही आहे. ती मुद्दाम सुरू करावी लागते, एवढंच.

मग रिक्षा वाढवा ना, असा सल्ला बैठकीत हमखास निघतो. दहाच्या पन्नास करा. इथेच फसगत होते. स्टँडवर रिक्षा वाढल्या म्हणून पुढचा रस्ता रुंद होत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस मूळ सेटिंगवर १०० जोडण्या घेतो, मायएसक्यूएल १५१. अ‍ॅप्लिकेशनच्या चार प्रती चालू असतील आणि प्रत्येकीने पन्नास मागितल्या तर २०० होतात. पोस्टग्रेस मग सरळ ‘फार ग्राहक झाले’ म्हणून दार लावतो. आधी काम हळू चालत होतं, आता चालतच नाही.

सकाळचा पहिला माणूस

कार्यालयात चालणाऱ्या प्रणालींचा एक खास बिघाड आहे. सकाळी पहिल्या माणसाचं काम होत नाही, दुसऱ्याचं होतं. कर्मचारी त्याला नशीब म्हणतात, कुणी बोहनी म्हणतं.

मायएसक्यूएल मूळ सेटिंगवर ८ तास, म्हणजे २८,८०० सेकंद, गप्प बसलेली जोडणी स्वतःहून तोडतो. कार्यालय संध्याकाळी सव्वासहाला बंद, सकाळी पावणेदहाला सुरू. मध्ये साडेपंधरा तास जातात. पूलला वाटतं आपली रिक्षा स्टँडवर उभी आहे, प्रत्यक्षात तिचं इंजिन केव्हाच बंद पडलेलं. पहिला अर्ज तिच्यात बसतो आणि आपटतो. नवे पूल ठरावीक वेळाने जुनी जोडणी स्वतःच मोडीत काढतात, हिकारी अर्ध्या तासाने, म्हणून त्यांच्यात हा त्रास सहसा दिसत नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र तो आहे आणि एका सेटिंगने जातो. तोवर ‘एकदा रिफ्रेश मारा’ हाच तोडगा.

अनुक्रमणिका नसलेली वही

पाच सेकंद लागणारा प्रश्न येतो कुठून? बहुतेक वेळा तो पहिल्या दिवसापासून तसाच असतो. चाचणीच्या वेळी दोन गावांची माहिती भरलेली असते, तेव्हा तो क्षणात उत्तर देतो. पुढे सगळ्या विभागाची माहिती आली की तोच प्रश्न धापा टाकतो.

कारण अनुक्रमणिका, म्हणजे इंडेक्स. ती असली तर डेटाबेस थेट पानावर जातो. नसली तर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत सगळी वही चाळतो. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर घालून शोधलं तर काम सोपं असतं. नावाचा मधलाच भाग घालून शोधायला गेलं तर साधी अनुक्रमणिका असूनही उपयोग होत नाही, जसं आडनावाच्या यादीत कुणाचं मधलं अक्षर शोधता येत नाही. कोकणात तर एकेका सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची रांग लागलेली असते. पणजोबांच्या नावावरची जमीन, वारस मुंबईपासून सुरतेपर्यंत. घाटावरच्या तालुक्यात बसून ‘एका उताऱ्यावर चार-पाच नावं असतील’ असं धरून प्रोग्रॅम लिहिला तर तो पनवेल-अलिबागच्या उताऱ्यावर अडखळणारच.

त्यात भर म्हणजे अहवाल. भर गर्दीच्या वेळी कुणी मोठ्या साहेबांनी तालुकानिहाय आकडे मागवले की तो भला थोरला प्रश्न त्याच डेटाबेसवर चालतो जिथे लोकांचे अर्ज चालू आहेत. अहवालासाठी डेटाबेसची वेगळी प्रत ठेवणं हा जगभरचा रिवाज आहे. ती नसेल तर निदान अहवाल रात्री काढावा. यासाठी पैसाही लागत नाही, फक्त दुपारी बारा वाजता आकडे न मागण्याचा संयम लागतो.

‘माहिती उपलब्ध नाही’

काही वेळा यंत्रणा अगदी ठणठणीत असते, उत्तरही लगेच देते, पण ते उत्तर असतं ‘माहिती उपलब्ध नाही’. जमीन आपली, कसतोय आपण, आणि संगणक म्हणतो नाहीच. माणसाच्या पोटात गोळा येतो.

इथे जोडणी ठीक, प्रश्न चुकला. हिस्सा नंबर ‘१२/१अ’ असा लिहिलाय की ‘१२/१/अ’? मध्ये एक मोकळी जागा पडली तरी संगणकासाठी ते वेगळं. ‘ठाकूर’ आणि ‘ठाकुर’ वेगळे, ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ वेगळे. त्याहून चमत्कारिक गोष्ट आपल्या अर्ध्या ‘र’ची. ‘कऱ्हाडे’ मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक पद्धतींनी टाइप होतो. डोळ्याला अक्षर तेच दिसतं, आतले आकडे वेगळे असतात. नोंद एका कळफलकावर झाली आणि शोध दुसऱ्यावर, तर जुळत नाही. जतन करताना सगळ्या रूपांचं एकच रूप करून ठेवणं हा त्यावर उपाय आहे आणि तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने करायचा आहे. शेतकऱ्याने नव्हे.

मराठी नावाऐवजी नुसती प्रश्नचिन्हांची रांग दिसते, तेही याच घराण्यातलं. साठवताना किंवा वाचताना देवनागरी न समजणारी लिपी-मांडणी निवडली गेली की अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. साठवतानाच झाली असतील तर मूळ नाव परत येत नाही, कागदावरून पुन्हा भरावं लागतं.

इंग्रजी नावांचा घोळ आणखी निराळा. कोर्लई किंवा वसईकडच्या डिसोझा मंडळींच्या नावात इंग्रजीत वर एक स्वल्पविराम येतो. नाव थेट प्रश्नाच्या वाक्यात चिकटवणाऱ्या प्रोग्रॅमला वाटतं वाक्य तिथेच संपलं आणि तो व्याकरणाची चूक म्हणून थांबतो. हे नुसतं गैरसोयीचं नाही. ज्या फटीतून डिसोझांचं नाव अडकतं, त्याच फटीतून चोर आत शिरतो. नावाच्या जागी डेटाबेसला हुकूम लिहून माहिती पळवण्याची जुनी युक्ती याच चुकीवर चालते. नाव आणि प्रश्न वेगळे पाठवण्याची सोय जावामध्ये जेडीबीसीबरोबरच आली आहे. ती न वापरणं म्हणजे कुलूप असून कडी लावून झोपणं.

पैसे कापले, कागद नाही

सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात. खात्यातून पैसे गेले, मोबाइलवर मेसेज आला, उतारा किंवा पावती मात्र नाही.

डेटाबेसमध्ये नियम असा की एका व्यवहाराची सगळी पावलं एकत्र पक्की होतात, नाहीतर सगळी मागे फिरतात. पण पैसे कापणारी बँक आणि नोंद करणारा डेटाबेस ही दोन वेगळी घरं आहेत. बँकेने पैसे घेतले आणि नोंद करायच्या क्षणी जोडणी तुटली, तर इथलं पाऊल मागे फिरतं, तिकडचं फिरत नाही. नागरिक घाबरून पुन्हा बटण दाबतो आणि दोनदा पैसे जातात. प्रत्येक व्यवहाराला एकच क्रमांक देऊन, तोच क्रमांक परत आला तर नवा व्यवहार न करणं, आणि रात्री बँकेच्या यादीशी ताळा घालणं, हे प्रणालीचं काम. नागरिकाच्या हातात एवढंच : दुसऱ्यांदा पैसे भरण्याआधी व्यवहार क्रमांक, आणि सरकारी चलन असेल तर जीआरएन क्रमांक, लिहून घ्यायचा. स्क्रीनवर जो काही इंग्रजी संदेश आला असेल त्याचा वेळेसकट फोटो काढायचा. ‘सर्व्हर डाऊन होता’ या तक्रारीवर कुणी काही करू शकत नाही. ‘अमुक तारखेला ११ वाजून १० मिनिटांनी हा संदेश आला’ या तक्रारीवर करू शकतो, कारण तेवढ्या वेळेची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडून बघता येते.

अमेरिकेतही झालं होतं

हे फक्त आपल्याकडे होतं अशी समजूत नको. अमेरिकेने आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू केली, तेव्हा पहिल्या दिवशी अख्ख्या देशातून फक्त ६ जणांची नोंदणी पूर्ण झाली. पुढे दोन महिने जे केलं गेलं ते बघण्यासारखं आहे. आधी मोजमापाची यंत्रणा बसवली : पान उघडायला किती वेळ लागतो, किती विनंत्या अपयशी ठरतात, कुठे ठरतात. मग यादी करून शेकडो दुरुस्त्या केल्या, डेटाबेसची ताकद वाढवली. सरासरी ८ सेकंदांचा वेळ एका सेकंदाच्या आत आला आणि हे आकडे डिसेंबरच्या पहिल्या दिवशी अहवालात जाहीर केले.

आपल्याकडे मुदतवाढ जाहीर होते, आकडे होत नाहीत. किती तास सेवा बंद होती, कशामुळे, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, हे तालुक्याच्या पातळीवर कुणालाच कळवलं जात नाही. प्रांत आणि तहसीलदारही त्या बाबतीत नागरिकांइतकेच अंधारात असतात, कारण प्रणाली पुण्या-मुंबईकडून चालते. शिव्या मात्र तालुक्याला पडतात.

मुदतीचं घड्याळ

यात एक कायदेशीर खाच आहे आणि तिच्याकडे फारसं लक्ष गेलेलं नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते. दिली नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील, पुढे आयोग, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. चांगला कायदा आहे. पण मुदतीचं घड्याळ सुरू होतं अर्ज दाखल झाल्यावर. डेटाबेसने अर्जच घेतला नाही तर पोच नाही, पोच नाही तर तारीख नाही, आणि तारीख नाही तर अपील कशावर करणार? कायद्याच्या नजरेत तो माणूस कार्यालयात आलाच नव्हता.

२०२० मध्ये निवडणूक आयोगाने कागदावर अर्ज घेतले तेव्हा ही खाच त्या एका कामापुरती बुजली. उमेदवाराचा हक्क यंत्रणेच्या बिघाडामुळे जाऊ नये, हे तिथे मान्य झालं. वारस नोंदीसाठी केळवण्याहून आलेल्या बाईलाही तेच तत्त्व लावायचं तर फार काही लागत नाही. यंत्रणा बंद असेल त्या दिवशी तिचा अर्ज साध्या वहीत घ्यायचा, तारीख, वेळ आणि स्क्रीनवरचा संदेश लिहायचा, शिक्का मारून पोच द्यायची आणि यंत्रणा सुरू झाल्यावर कर्मचाऱ्याने तो त्याच तारखेने चढवायचा. यासाठी प्रणालीत मागील तारीख कारणासह नोंदवण्याची सोय लागेल. ती राज्य पातळीवरच करावी लागेल. वही मात्र उद्यापासूनही ठेवता येते. आणि सहा महिन्यांनी ती वही उघडली तर निदान एवढं तरी कळेल की पनवेलमध्ये सर्व्हर खरोखर किती वेळा बंद होता आणि किती वेळा नुसत्या रिक्षा कमी पडल्या होत्या.